मुकादमाच्या तोंडून सुरक्षा नको : कामगार आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय कामगार आयुक्त, गोवा राज्य,
तसेच गोवा इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याण मंडळाचे सन्माननीय सदस्य,
पणजी.

स. न. वि. वि.

मी पेडण्याचा. घरात कोकणी बोलतो, वाचतो-लिहितो मराठीत, आणि पोट भरते ते साईटवरच्या हिंदीवर. इमारतींच्या कामांवर साईट इंजिनियर आहे. पर्वरी, म्हापसा, शिवोली असे करत आता मोपाच्या आसपासची कामे बघतो. हे पत्र कुणा एका कंत्राटदाराविरुद्ध नाही. तसे असते तर रीतसर तक्रार अर्ज दिला असता. ज्या गोष्टीबद्दल लिहितो आहे ती साईटवरच्या प्रत्येकाला माहीत आहे आणि ती निस्तरणे आपले काम आहे असे कुणालाच वाटत नाही, म्हणून पत्र खुले.

मागणी आधीच सांगतो, कारण सरकारी टपाल शेवटच्या पानापर्यंत वाचले जातेच असे नाही. गोव्यातल्या बांधकामांवर मजुरांना धोका समजावून सांगण्याचे काम मुकादमाकडून काढून घ्या. ते साईटवरच्याच एखाद्या दोन भाषा जाणणाऱ्या माणसाला द्या, त्याला त्याचा वेगळा भत्ता द्या, आणि तो भत्ता बांधकाम उपकराच्या निधीतून द्या.

मुकादम हे काय प्रकरण आहे ते कार्यालयात बसून पूर्णपणे कळत नाही. चतुर्थी आटोपली, पाऊस ओसरला की गदग, बागलकोट, कोप्पळ या बाजूचे मुकादम टोळ्या घेऊन येतात. झारखंड, ओडिशा, बंगाल, बिहारकडचे तर आता बारमाही असतात. गावाकडे मजुराच्या घरी मुकादमाची उचल पोचलेली असते, कुणाच्या बहिणीच्या लग्नाला, कुणाच्या बापाच्या दवाखान्याला. हजेरी तो लावतो. आठवड्याचा खर्च तो वाटतो. पत्र्याची खोली त्याने घेतलेली, किराणा दुकानात वही त्याच्या नावाची, गावी जायची रजाही त्याच्याच हातात. आणि इंजिनियर व मजूर यांच्या मधला दुभाषाही तोच.

मुकादम वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. त्यातले बरेचसे स्वतः डोक्यावर घमेले वाहून वर आलेले आहेत. स्लॅब भरताना रात्री एखाद्या पोराला ताप चढला तर त्याला स्कूटरवर मागे बसवून डॉक्टरकडे नेणारा मुकादमच असतो, इंजिनियर नव्हे. पण त्याचे सगळे गणित काम उरकण्यावर आहे. सेंटरिंगची, म्हणजे ओले काँक्रीट तोलून धरणाऱ्या साच्याची, मजुरी त्याला क्षेत्रफळावर मिळते. साच्याच्या प्लेटा जितक्या लवकर सुटतील तितक्या लवकर त्या पुढच्या स्लॅबला लागतात. अशा माणसाच्या तोंडून ‘थांबा’ हा निरोप खाली जाईल अशी आशा धरणे म्हणजे कुंपणालाच शेत राखायला सांगणे.

एक उदाहरण जरा तपशिलाने देतो. सेंटरिंग कधी काढायचे याची मुदत आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात दिली आहे. स्लॅबखालच्या प्लेटा ३ दिवसांनी काढता येतात, पण आधाराचे टेके लगेच पुन्हा लावायचे या अटीवर. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे (गाळा म्हणजे दोन आधारांमधले अंतर) टेके ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस. बीमचा गाळा ६ मीटरपर्यंत असेल तर १४ दिवस, त्यापुढे २१. हीसुद्धा साध्या पोर्टलंड सिमेंटची मुदत झाली. फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेले सिमेंट असेल तर ती आणखी वाढवावी लागते. सज्जाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे टेके बाहेरच्या मोकळ्या टोकाकडून सुरू करून भिंतीकडे काढत यायचे असतात. उलट काढले तर सज्जावर भलतीकडे ताण येतो.

आता हे साईटवर कसे सांगितले जाते ते बघा. शिवोलीच्या बाजूला एका बंगल्याच्या कामावर मी हिंदीत सांगितले, ‘प्लेटा काढा, पण मधले टेके तसेच ठेवा, आणि सज्जाला मी येईपर्यंत हात लावू नका.’ मुकादमाने मान हलवली आणि वळून कन्नडमध्ये दोन शब्द टाकले. पोरे लगेच कामाला भिडली. मी जिन्याने खाली उतरेपर्यंत सज्जाखालचे दोन टेके आडवे पडले होते, आणि तेही भिंतीकडचे. ओरडून काम थांबवले, टेके परत ठोकून घेतले. काही झाले नाही. काही झाले नाही म्हणून ते कुठल्या रजिस्टरात नाही, आणि आपल्या कार्यालयाच्या आकड्यांतही नाही.

त्या दिवशी मुकादमाने खोटे सांगितले नव्हते. ‘काढा’ एवढे मी म्हणालोच होतो. या साखळीत आज्ञा पोचते आणि अट गळते. ‘पण’, ‘तोपर्यंत’, ‘मी सांगितल्यावर’ हे जे सुरक्षेचे शब्द आहेत ते सगळे वाटेत सांडतात. सळीचे माप मात्र कधी सांडत नाही. नकाशात १२ मिलिमीटर लिहिलेले असते, सळ्या बांधणारा फिटर त्याला जुन्या मापात चार सूत म्हणतो. १६ मिलिमीटरला पाच सूत, १० ला तीन. फिटर बंगालचा असो की बिहारचा, यात कधी घोळ झालेला मी पाहिला नाही, कारण बिल त्यावर बनते. जिथे पैसा अडतो तिथे आम्ही सगळे एकमेकांची भाषा बरोबर समजून घेतो.

यावर ठरलेले उत्तर मिळते की हिंदी सगळ्यांना येते. साईटवरची हिंदी म्हणजे काय, तर ‘लगाव, निकालो, इधर लाव, जल्दी, संभालके’. गुमला-सिमडेग्याकडचा पोरगा घरी मुंडारी नाहीतर सादरी बोलतो. कोरापुटचा ओडियाची आपली बोली बोलतो. गदगकडच्या टोळीत निम्मे लमाणी बोलणारे असतात, त्यांना कन्नडसुद्धा दुसरी भाषा. आणि त्यांच्याशी हिंदी बोलणारा इंजिनियर पेडणे-सत्तरीचा, ज्याची हिंदी टीव्हीवरून आलेली. म्हणजे दोन्हीकडून उसनवारी. काम शिकवायला ती पुरते, कारण काम हाताने करून, बोटाने दाखवता येते. न घडलेला अपघात बोटाने दाखवता येत नाही. त्याला ‘असे केलेस तर तसे होईल’ हे वाक्य लागते, आणि ते वाक्य माणसाला त्याच्या भाषेतच पटते.

सज्जाचेच घ्या. त्याची मुख्य सळी वरच्या अंगाला असते, कारण ताण वर येतो. काँक्रीट ओतताना पोरे तिच्यावर पाय देऊन चालतात आणि ती खाली दबते. वरून सज्जा छान गुळगुळीत दिसतो. टेके काढल्यावर तो झुकतो, क्वचित पडतो. ‘सळीवर पाय नको’ म्हणून शंभरदा ओरडलात तरी मजुराला ती साहेबाची किटकिट वाटते. एका ओडिया प्लंबरने एकदा एका पोराला त्याच्या भाषेत, हातात फळी धरून, एका बाजूने दाबून दाखवले. दोन मिनिटे लागली असतील. नंतर तो पोरगाच इतरांना सळीवरून हाकलत होता.

सकाळच्या सुरक्षा बैठकीबद्दलही लिहायला हवे, कारण कागदावर ती उत्तम चालते. मोठ्या साईटवर आठ वाजता ‘टूलबॉक्स टॉक’ होतो. सुरक्षा अधिकारी इंग्रजी कागद हातात धरून त्याची वाचता वाचता हिंदी करतो. समोर साठ-सत्तर माणसे, त्यातली मागची निम्मी तंबाखू मळत उभी. ‘समझा?’ ‘हां साहब.’ रजिस्टरवर सह्या आणि अंगठे. फोटो व्हॉट्सॲपवर हेड ऑफिसला. संपले. एकदा अशा बैठकीनंतर मी एका पोराला म्हटले, बेल्टचा हुक लावून दाखव. त्याने बेल्ट नीट कसला, चापून घातला, आणि हुक अडकवला तो पहाडाची (उंचीवर उभे राहायच्या मचाणाची) फळी जिने बांधली होती त्या बाइंडिंग तारेला. घसरला असता तर फळी, तार आणि तो, तिघे एकदम खाली आले असते.

मग त्याच प्लंबरला बोलावले. तो ओडियात समजावू लागला, तसा इतका वेळ मुखस्तंभ असलेला पोरगा हसला आणि त्याने उलट प्रश्न केला. हुक पायपाला लावला तर मी पुढे सरकू कसा? प्रश्न बिनतोड होता. त्या बाजूला हुक सरकत नेण्यासाठी आडवा दोर बांधलेलाच नव्हता. साईटवर सुरक्षा अधिकारी होता, मी होतो, ऑडिटवाले महिन्यातून येऊन जायचे. आमच्या कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट त्या पोराला ठाऊक होती आणि सांगायला भाषा नव्हती. दुपारी दोर बांधला.

म्हणून ही नुसती वरून खाली सूचना पोचवण्याची बाब नाही. टेका कुठे बसतो आहे, खड्ड्याची माती कुठे भेगाळली आहे, लिफ्टच्या डक्टवरची, म्हणजे उभ्या पोकळीवरची, फळी कुणी उचलून नेली हे सगळ्यात आधी बिगाऱ्याला दिसते. ते वर पोचायला आज एकच वाट आहे, मुकादम. आणि काम थांबेल अशी बातमी ती वाट चढत नाही.

‘हां साहब’चे मूळ भाषेत आहे तितकेच रीतीभातीत आहे. ज्याच्या अंगावर उचल आहे तो नाही कसे म्हणेल? गावात ज्याने वरच्या आळीतल्या माणसापुढे कधी तोंड उघडले नाही, तो हेल्मेटवाल्या साहेबाला ‘मला कळले नाही, पुन्हा सांगा’ म्हणेल ही अपेक्षाच फोल. शिवाय आमचा आवाज. बिगाऱ्याशी आम्ही बोलत नाही, ओरडतो. त्याला नाव असते हे हजेरीपुरते. एरवी ‘ए घाटी’. मराठी बोलतो म्हणून हाच शब्द कधीतरी आपल्याही वाट्याला आलेला असतो, तरी जीभ आवरत नाही. आखातात साईटवर राबून आलेला गोंयकार आपल्याकडे घरोघरी सापडेल. अरब फोरमनपुढे न कळता मान डोलावणे म्हणजे काय असते ते त्याला विचारा. रमजानात रोजा धरून भर उन्हात सातव्या मजल्यावर प्लास्टर करणारा पोरगा दुपारी तीनला चक्कर येऊन बसतो, आणि सुपरवायझरला वाटते कामचुकार आहे. त्याला सकाळी उंचीवर आणि दुपारी खाली काम द्यायला एक पैसा खर्च येत नाही. पण विचारायचे कुणी?

बायकांपर्यंत तर काहीच पोचत नाही. टोळीत नवरा-बायको जोडीने येतात. मी तिला काही विचारले तर उत्तर नवरा देतो, आणि नवऱ्याच्या वतीने मुकादम. पोटुशी बाई चौथा महिना लागला तरी घमेले वाहत असते. पुरुष सुपरवायझरला ती हे सांगणार नाही, आणि गोव्यातल्या साईटवर बाई सुपरवायझर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

आता कायद्याचे. आपल्याला तो मी शिकवावा अशी माझी पात्रता नाही, पण एक गोष्ट दाखवतो. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखाली १९९८ साली जे केंद्रीय नियम झाले, त्यांत सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत पदवी-पदविका आणि अनुभवाच्या जोडीला आणखी एक अट घातली होती. ज्या साईटवर त्याची नेमणूक होते तिथल्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला पुरेशी आली पाहिजे. मी ज्या सुरक्षा अधिकाऱ्यांना ही अट दाखवली त्यांना ती नवीनच होती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या १९७९ च्या कायद्यात तर कामगाराला फोटोसह पासबुक द्यायचे आणि त्यात मजकूर हिंदी-इंग्रजीबरोबर त्याच्या भाषेतही लिहायचा असे होते. कन्नडमध्ये किंवा ओडियात लिहिलेले असे पासबुक गोव्याच्या साईटवर मला तरी आजवर दिसले नाही. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेने २०१० साली स्पष्ट केले की सुरक्षेचे प्रशिक्षण कामगाराला समजेल अशा भाषेत आणि समजतील अशा शब्दांत दिले नसेल, तर ते दिलेच नाही असे धरले जाईल. आपल्याकडे अंगठा उठला की प्रशिक्षण झाले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हे दोन्ही जुने कायदे त्यांत विरघळले. बांधकामावर सुरक्षा अधिकारी पूर्वी ५०० कामगारांना लागायचा, आता २५० ना लागतो. सुधारणा चांगलीच आहे. पण आसगाव, शिवोली, मोयरा, हणजूण या पट्ट्यात आज जे बंगले उठत आहेत तिथे एका साईटवर वीस-तीस, फार तर पन्नास माणसे असतात. म्हणजे गोव्यातली बहुतेक कामे या आकड्याच्या खालूनच निघून जाणार. प्रत्येकाला नियुक्तीपत्र देण्याची सक्ती संहितेत आहे, ते पत्र इंग्रजीत छापले तर मजुराच्या लेखी तो आणखी एक अंगठ्याचा कागद. तेव्हा राज्याच्या नियमांत दोन गोष्टी याव्यात. भाषेची जुनी अट टिकावी, आणि नियुक्तीपत्राचा मजकूर कामगाराच्या भाषेतही असावा. हे कलमाच्या एका ओळीचे काम आहे.

अपघातानंतर तर भाषेवाचून माणूस पुरता नागवला जातो. एक प्रसंग मला जवळून माहीत आहे. साईट कोणती, दवाखाना कोणता हे लिहीत नाही. डक्टमधून पडून एका मजुराची कंबर मोडली. दवाखान्यात ‘कसा पडला’ या प्रश्नाला उत्तर मुकादमाने दिले: खोलीवर बाथरूममध्ये घसरला. मजूर शुद्धीवर होता, कण्हत काहीतरी सांगतही होता. तो काय म्हणतो ते खाटेपाशी उभ्या असलेल्यांत फक्त मुकादमालाच कळत होते. पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न निघाला तेव्हा त्या पहिल्या कागदावर ‘घरी पडला’ हेच लिहिलेले होते. एका इंग्रजी कागदावर अंगठा घेऊन, थोडे पैसे हातावर टेकवून त्याला गाडीत बसवून दिले. १९२३ च्या कायद्यापासून देशात कामगाराला नुकसानभरपाईचा हक्क आहे, आता तो नव्या संहितेत आहे. पण त्याची सुरुवात जखमी माणसाच्या जबानीने होते, आणि त्याची जबानीच दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून गेलेली.

४ जानेवारी २०१४ ला काणकोणात चावडीवर बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ३१ जणांचा जीव गेला. ती भाषेमुळे पडली असे मी म्हणणार नाही. त्याची कारणे वेगळी. पण त्यानंतर आपण जे बोललो ते परवाने, नकाशे, सिमेंट, इंजिनियरच्या सह्या यांबद्दल. आत काम करणाऱ्यांना काही वेगळे दिसले होते का, आणि दिसले असते तर त्यांनी ते कुणाला सांगितले असते, हे कुणी विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

भाषेच्या बाबतीत आपण गोवेकर तसे हळवे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात वापरण्याची मुभा मिळाली, आणि तेव्हापासूनचे भांडण अजून मिटलेले नाही. मीही त्यात मराठीच्या बाजूने हिरिरीने बोलत आलो आहे, पुढेही बोलेन. पण ज्या राज्यात पाटी कुठल्या लिपीत हवी यावर सभा रंगतात, त्याच राज्यात उघड्या डक्टपुढची धोक्याची पाटी इंग्रजीत असते आणि तिच्यावर कुणाचाच आक्षेप नसतो. २०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदी मातृभाषा सांगणारे सुमारे १० टक्के आणि कन्नड सांगणारे साडेचार टक्क्यांच्या पुढे होते. ही माणसे आपली घरे बांधतात.

नुसत्या कन्नड-ओडिया पाट्या लावून भागणार नाही हेही कबूल. पुष्कळांना वाचता येत नाही. मोबाईल मात्र प्रत्येकाकडे आहे. मंडळाने पाच-सहा भाषांत छोटे आवाजी संदेश करून घ्यावेत, दीड-दोन मिनिटांचे: सेंटरिंग काढताना, खड्ड्यात उतरताना, उंचीवर, विजेच्या वायरपाशी. ते सरकारी भाषेत लिहून निवेदकाकडून वाचून घेऊ नयेत. एखाद्या जुन्या सेंटरिंगवाल्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावे. व्हॉट्सॲपवर एकदा सोडले की ते खोल्याखोल्यांत पोचतील.

पण मुख्य गोष्ट माणूस. बेळगाव-खानापूर भागातली पोरे मराठी आणि कन्नड सारख्याच सफाईने बोलतात. अशी दोन-चार पोरे बहुतेक साईटवर असतात, गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन म्हणून. ओडिया आणि हिंदी जाणणारा, बांगला आणि हिंदी जाणणारा असाही कुणीतरी निघतोच. आजही अडले की आम्ही त्यालाच हाक मारतो, फुकटात. त्याला रीतसर नेमा. दोन दिवसांचे प्रशिक्षण द्या. हेल्मेट वेगळ्या रंगाचे द्या, म्हणजे नव्या मजुराला तो लांबून ओळखू येईल. भत्ता थेट त्याच्या बँक खात्यात जावा, मुकादमाच्या हातून नव्हे. तो मुकादमाचा भाऊबंद नसावा एवढी एकच गोष्ट कसोशीने पाहा. त्याने दिवसभर दुभाष्याचे काम करायचे नाही. नवा मजूर आला त्या दिवशी, स्लॅब भरायच्या आधी, सेंटरिंग काढायच्या दिवशी आणि कुणी जखमी झाला तर दवाखान्यात, एवढ्या वेळी तो हजर हवा. आणि ‘समजले का’ हा प्रश्न बंद. ‘करून दाखव’ एवढेच विचारायचे. काम थांबवण्याचा अधिकारही त्याला हवा. नाहीतर तो नुसता भोंगा होईल.

लहान बंगल्यांच्या साईटवर असा माणूस मिळेलच असे नाही. तिथे चार-पाच साईट मिळून एक चालेल. मंडळाने तालुकावार यादी ठेवावी, कंत्राटदाराने स्लॅबच्या आदल्या दिवशी फोन करावा.

पैशाचा प्रश्न निघेलच. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर आपण घेतोच. पाच कोटींच्या बंगल्यामागे पाच लाख होतात. त्या साईटवर वर्षभर दोन दुभाष्यांना भत्ता दिला तरी त्यातला मोठा हिस्सा शिल्लक राहील. कामगारांसाठी इतर सोयी करण्याची मुभा कायद्याने मंडळाला दिलेलीच आहे. देशभर हा निधी पडून कसा राहतो यावर सुप्रीम कोर्टाने २०१८ साली कडक शब्दांत ताशेरे ओढले होते, आणि त्याच प्रकरणात हा पैसा कुठेकुठे लॅपटॉप आणि वॉशिंग मशिनवर उडाल्याचेही पुढे आले होते. त्या मानाने माझी मागणी फारच साधी म्हणायची.

माझे कंत्राटदार मित्र दोन आक्षेप घेतील. पहिला, वेळ जातो. जातो, अर्धा तास. सळी दबलेला एक सज्जा फोडून पुन्हा भरायला किती दिवस जातात हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. दुसरा आक्षेप ते चारचौघांत बोलणार नाहीत: अशा दुभाष्यामुळे मजुरांना मजुरीचे दर, ओव्हरटाइम, नोंदणीचे फायदे हेही कळू लागेल. कळेलच. मंडळात नोंदणीला वर्षात ९० दिवसांचे काम लागते हे आज किती जणांना माहीत आहे? ज्यांच्या नावाने उपकर गोळा होतो त्यांना तो कशासाठी आहे ते समजले, तर त्यात मंडळाचे नुकसान काय?

ऑक्टोबरात नव्या टोळ्या उतरतील. त्याआधी निदान बार्देश तालुक्यापुरती अशा माणसांची यादी तयार व्हावी आणि पहिले प्रशिक्षण उरकावे, ही विनंती. नावे सुचवायला मी आणि माझ्या ओळखीचे काही साईट इंजिनियर तयार आहोत. प्रशिक्षणासाठी साईट लागली तर स्लॅबचा दिवस सोडून कधीही या. टेके, पहाड, बेल्ट सगळे तिथेच आहे, वेगळे काही मांडावे लागणार नाही.

कळावे,
आपला,
पेडणे तालुक्यातला एक साईट इंजिनियर